ज्येष्ठांसाठी कानामागचं श्रवणयंत्र: प्रकल्प नोंदी, वागळे इस्टेट, ठाणे

७ एप्रिल २०२५

कामाची व्याप्ती पक्की केली. कानामागे बसणारं यंत्र, सोबत कानाच्या मापाचा साचा, वापरणारे सत्तरीच्या पुढचे. श्रवणदोष मध्यम ते मध्यम-तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गवारीत चांगल्या कानाचा ऐकू येण्याचा सरासरी उंबरठा ३५ ते ६५ डीबी (डेसिबल) असेल, तर तो या पट्ट्यात येतो.

समाधान मोजायचं कसं, हे आराखड्याच्या आधी ठरवलं. ‘ऐकू येतं का?’ असं विचारलं की आजी-आजोबा समोरच्याचं मन राखायला हो म्हणतात आणि घरी गेल्यावर मशीन डबीत जातं. म्हणून मुख्य मोजमाप एकच: दिवसाला किती तास कानात राहिलं. चिपमध्ये वापराचे तास नोंदले जातात, पण सेलचं दार बंद करून टेबलावर ठेवलेलं यंत्रही तास मोजतच राहतं. त्यामुळे तासांसोबत आवाजाच्या पातळीची नोंदही वाचायची. दिवसभर एकसारखी शांतता आणि शिट्टी दाबणारी यंत्रणा कायम टोकाला टेकलेली असेल, तर यंत्र कानाबाहेर होतं असं धरायचं.

त्याच्या जोडीला दोन प्रश्नावल्या. आयओआय-एचए ही सात प्रश्नांची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. दुसरी कोसी, तिच्यात आपल्याला कुठे ऐकू यायला हवं, ते पाचापर्यंत प्रसंग वापरणारा स्वतः सांगतो. दुसरी जास्त कामाची, कारण चाचण्यांचे प्रसंग तिथूनच मिळतात: जांभळी नाक्यावर भाजीचा भाव, देवळातलं कीर्तन, नातवंडांचा व्हिडिओ कॉल, स्वयंपाकघरातून दिलेली हाक.

मशीन काढून ठेवण्याची कारणं लोक पाच-सहा ठरावीक शब्दांत सांगतात. ‘घुमतं.’ ‘शिट्टी मारतं.’ ‘सगळा गलका येतो, शब्द कळत नाही.’ ‘घालताच येत नाही.’ ‘सेल बदलायला सून घरी लागते.’ यातलं प्रत्येक कारण म्हणजे अभियांत्रिकीचा वेगळा प्रश्न आहे आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या भागात आहे. नोंदी त्या-त्या भागाप्रमाणे ठेवायच्या.

रिसीव्हर (आवाज सोडणारा छोटा स्पीकर) कानाच्या नळीत बसवणारा प्रकार दिसायला छान, पण मळाने रिसीव्हर बुजतो आणि मळाची जाळी मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. मोतीबिंदू आणि थरथरती बोटं असलेल्या माणसाला ती बदलता येत नाही. पूर्ण कानात जाणारं यंत्र याच कारणाने बाद. खिशातल्या मशीनची बटणं मोठी असतात, किंमत कमी असते, म्हणून अजून बरेच जण तेच मागतात. पण माइक छातीवर असल्याने कापडाची खरखर येते, शिवाय छातीमुळे खालचे स्वर फुगतात आणि शब्द ओळखायला लागणारे वरचे स्वर दबतात. खिशातल्या मशीनकडून एक गोष्ट मात्र घ्यायची: हाताला लागणारे भाग मोठे ठेवण्यात संकोच करायचा नाही.

१२ एप्रिल

ऑडिओग्रामबद्दल, म्हणजे कुठला स्वर किती मोठा झाल्यावर ऐकू येतो त्याच्या आलेखाबद्दल. वय झालं की नळीच्या तोंडाची कूर्चा सैल पडते. तपासणीचा नेहमीचा हेडफोन कानावर दाबला की नळी मिटते आणि वरच्या स्वरांचा उंबरठा प्रत्यक्षापेक्षा १५ ते ३० डीबी वाईट दिसतो. त्या आकड्यांवर यंत्र बसवलं तर वरच्या पट्टीत नको इतका आवाज चढतो आणि माणूस पहिल्याच संध्याकाळी यंत्र काढतो. यात यंत्राचा दोष काहीच नसतो.

खूण अशी: हवेतून आणि हाडातून घेतलेल्या मोजणीत फक्त वरच्या स्वरांना फरक, आणि पडदा-मधला कान मात्र ठणठणीत. असं दिसलं की नळीत घालायच्या फोमच्या इअरफोनने पुन्हा मोजायचं. पुढे सगळ्यांचीच मोजणी फोमच्या इअरफोनने करायची. मोजणीआधी कानात डोकावून मळ पाहायचा, असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यायचा, मगच बसायचं.

शब्दांच्या चाचणीसाठी मराठी जोड्या लावल्या: साठ-आठ, सात-हात, पाच-पास, शाल-साल, फळ-पळ, ताट-थाट, खाट-काट. वयोमानाच्या श्रवणदोषात वरचे स्वर आधी जातात. ‘स’ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, ‘श’ची त्याच्या खाली सुरू होते. म्हणून शाल कळते आणि साल कळत नाही. भाजीवाला ‘साठ’ म्हणाला तर कानावर ‘आठ’ पडतं आणि तिथेच वाद होतो. आकड्यांच्या जोड्या यादीत मुद्दाम जास्त ठेवल्या. पैसे, औषधाच्या गोळ्या, बसचा नंबर, गाडीची वेळ, सगळं आकड्यांवरच चालतं.

२१ एप्रिल

सेलचं दार. या भागावर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्यायचा, असं ठरलं होतं आणि ते योग्यच आहे.

सेल १३ नंबरचा, केशरी स्टिकरवाला: व्यास ७.९ मिमी, उंची ५.४ मिमी. ३१२ नंबरचा सेल व्यासाने तेवढाच, पण उंची ३.६ मिमी, म्हणजे चिमटीत धरायला पातळ. १३ने यंत्र थोडं जाड होतं, सेल मात्र जास्त दिवस टिकतो आणि बोटात धरता येतो. १३ पक्का.

नेहमीच्या दाराला नखासाठी नुसती खाच असते. म्हाताऱ्या माणसाचं नख ठिसूळ असतं आणि खाच डोळ्यांना दिसत नाही. खाचेऐवजी ६ मिमी रुंद आणि १.५ मिमी बाहेर आलेला ओठ दिला. आता दार बोटाच्या पेराने उघडतं. ओठाच्या टोकाला स्प्रिंगकाटा लावून उघडायचा जोर ४ न्यूटनच्या आसपास ठेवला. याहून हलकं ठेवलं तर केसातून फणी फिरवताना दार उघडतं आणि यंत्र बंद पडतं (दार उघडणं म्हणजेच यंत्र बंद, वेगळं बटण नाही).

सेल उलटा घातला तर दार मिलिमीटरभर वर राहतं. आराखड्यात ती सूचना असते, पण वापरणारा ते जोराने दाबतो आणि बिजागरी तुटते. सबंध यंत्र बाद व्हायचं हे सगळ्यात स्वस्त कारण. म्हणून बिजागरीला बंद छिद्राऐवजी ‘सी’ आकाराची उघडी पकड दिली. पिन १ मिमीची, ३१६ स्टेनलेस. जोर जास्त झाला की दार पिनेवरून सुटून हातात येतं आणि परत दाबलं की टक् करून बसतं. सुटं दार हातात आल्यावर माणूस घाबरतो, त्यामुळे पहिल्या भेटीतच दार दोनदा मुद्दाम काढून दाखवायचं आणि त्यांच्याच हाताने बसवून घ्यायचं.

दाराचं प्लास्टिक: नायलॉन ६ नको. हवेतलं पाणी पिऊन ते फुगतं आणि पावसाळ्यात दार घट्ट होतं. नायलॉन १२ खूप कमी पाणी घेतं. साचेवाल्याला तसं लेखी दिलं, कारण दोन्हीचे दाणे दिसायला सारखेच.

आणखी दोन गोष्टी. सेलचं कवच पोलादाचं असल्याने लोहचुंबकाला चिकटतं. डबीच्या टोकाला छोटं चुंबक बसवलं की फरशीवर पडलेला सेल वाकून चिमटीत धरावा लागत नाही. दुसरी गोष्ट गंभीर आहे. हा सेल आकाराने गोळीसारखा दिसतो आणि ज्येष्ठांनी औषध समजून तो गिळल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. सेलची डबी औषधांच्या डब्यापासून लांब ठेवायची, ही सूचना माहितीपत्रकात पहिल्या ओळीत आणि मोठ्या अक्षरात.

५ मे

साचा आणि नळी.

कानाचं माप घेताना तोंडात कवळी असलीच पाहिजे. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. कवळी काढून घेतलेल्या मापाचा साचा जेवताना सैल पडतो आणि शिट्टी सुरू होते. माप तोंड उघडं ठेवून, दातांमध्ये ठोकळा धरून घ्यायचं. दोरा बांधलेला फोमचा बोळा नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे, मग सिलिकॉन.

साच्याचा वरचा काटा, जो कानाच्या वरच्या घडीत अडकवायचा असतो, तो कापून टाकला. साचा बसवताना सगळ्यात जास्त अडचण तिथेच येते: काटा बाहेर राहतो, साचा तिरका बसतो, हवा निसटते, शिट्टी वाजते. काट्याशिवाय पकड थोडी कमी होते, पण नळीतला भाग नीट लांब असेल तर चालतं. साच्याच्या बाहेरच्या अंगाला धरायला ४ मिमीची बोंडी दिली.

साहित्यावर बराच खल झाला. मऊ सिलिकॉन पातळ झालेल्या त्वचेला सोसतं, पण ते कातडीला धरून बसतं, सरकत नाही. अशक्त बोटांनी आत ढकलता येत नाही. ॲक्रिलिक कडक असलं तरी घासून गुळगुळीत केलं की सरसर आत जातं. सध्या ॲक्रिलिक. कातडी फारच नाजूक असेल किंवा मधुमेहामुळे जखम लवकर भरत नसेल, तर सिलिकॉन आणि सोबत घरातल्या कुणाला बसवायला शिकवायचं.

‘घुमतं’ या तक्रारीचं मूळ साच्यातच आहे. नळी बंद झाली की स्वतःच्या बोलण्याची कंपनं हाडातून नळीत येतात आणि आत कोंडतात. ५०० हर्ट्झच्या खालचा स्वतःचा आवाज २० डीबीपर्यंत चढू शकतो. यंत्राचा आवाज कमी करून हे जात नाही. ओळखायची सोपी युक्ती: यंत्र बंद ठेवून साचा कानात तसाच ठेवायचा आणि ‘ई’, ‘ऊ’ लांबवून म्हणायला सांगायचं. तरीही घुमत असेल तर दोष साच्याचा. यंत्र चालू केल्यावरच घुमत असेल तर खालच्या स्वरांचं वर्धन कमी करायचं.

उपाय म्हणजे साच्यातलं हवेचं भोक. १ मिमीचं भोक नुसतं दाब सोडतं, घुमणं कमी होत नाही. २ मिमीला फरक कळायला लागतो, ३ मिमीला स्वतःचा आवाज बराच मोकळा होतो. पण भोक जितकं मोठं तितका आवाज बाहेर गळतो, माइकपर्यंत पोचतो आणि शिट्टी. ज्यांना ५०० हर्ट्झला बऱ्यापैकी ऐकू येतं त्यांना ३ मिमी, बाकीच्यांना २ मिमीपासून सुरुवात. भोकात बसणारी, लहान-मोठ्या छिद्रांची बुचं ठेवायची, म्हणजे पुन्हा साचा न करता माप बदलता येईल.

साच्याची ट्यूब १३ नंबरची जाड भिंतीची: आतला व्यास १.९३ मिमी, बाहेरचा ३.३. नेहमीच्या १३च्या तुलनेत शिट्टीही कमी. तेल-घामाने ट्यूब पिवळी पडून कडक होते, आखडते आणि साचा वर ओढते. तीन ते सहा महिन्यांत बदलायचीच.

२९ मे

मान्सून यंदा २६ मेलाच मुंबईत पोचला. दमटपणाच्या चाचण्या जूनच्या मध्यावर ठेवल्या होत्या, त्या आजपासून.

दमट पेटी घरगुती पद्धतीची: हवाबंद डबा, तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण, वर जाळीवर यंत्रं. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते, पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणावर ९७च्या आसपास. तापमान थोडं बदललं तरी हे आकडे फारसे हलत नाहीत, म्हणून महागडं कपाट लागत नाही. अट एकच: तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे.

दिसलेल्या गोष्टी:

कानावर अडकणाऱ्या आकड्यात (हुकमध्ये) बसवलेली जाळीची चकती (डॅम्पर) ओली झाली की आवाज जवळजवळ बंद. ही चकती १००० हर्ट्झच्या आसपास ट्यूबमुळे उठणारा टोकदार स्वर दाबायला लागते. ती नसेल तर आवाज पत्र्यासारखा येतो. म्हणून काढून टाकता येत नाही. आम्ही ती आकड्याच्या टोकाकडून मागे, रिसीव्हरजवळ नेली. कानातली ऊब-वाफ ट्यूबमध्ये थंड होऊन थेंब धरते आणि थेंब ट्यूबच्या खालच्या वळणात साचतो. चकती जितकी वर तितकी कोरडी. एसीच्या खोलीत थेंब जास्त धरतो. रबरी फुग्याचा पंप डबीत द्यायचा आणि साचा यंत्रापासून सोडवूनच फुंकायचं. जोडलेल्या ट्यूबमध्ये फुंकलं तर पाणी उलट रिसीव्हरमध्ये जातं.

झिंक-एअर सेल हवेतून पाणी घेतो. फार दमट हवेत फुगतो, फार कोरड्यात वाळतो, दोन्हीकडून आयुष्य घटतं. इथे एक गाठ आहे. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवणं यंत्राला चांगलं, सेलला वाईट. सेल रोज काढून ठेवा, असं सत्तरीच्या हातांना सांगणं म्हणजे ते होणार नाही, हे कबूल करणं. मधला मार्ग: पावसाळ्यात दार पूर्ण उघडून यंत्र डबीत, सेल आतच, सेलचे दोन-चार दिवस कमी झाले तरी रिसीव्हर वाचतो. उन्हाळ्यात डबी नको. स्टिकर काढल्यावर सेल तीन ते पाच मिनिटं उघडा ठेवून मग घालायचा, हे बाराही महिने.

आयपी६८ या (धूळ-पाणी आत जात नाही असं सांगणाऱ्या) शिक्क्यावर विसंबून राहायचं नाही. ती परीक्षा स्वच्छ पाण्यात होते. घामात मीठ असतं आणि सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्त्या मिठानेच हिरव्या पडतात. पत्त्यांना निकेलवर कडक सोन्याचा मुलामा, बोर्डाला पॅरिलिनचा (ओल अडवणाऱ्या प्लास्टिकचा) पातळ थर. पॅरिलिन चढवण्याआधी माइकची तोंडं आणि पत्त्या झाकायच्या.

१० जून

भांड्यांचा आवाज. कोसीमध्ये आज्यांनी हाच प्रसंग सगळ्यांत जास्त वेळा सांगितला, म्हणून चाचणीचं वेगळं बाक लावलं: ओट्याच्या उंचीवरून स्टीलचा पेला लादीवर, माइक दीड मीटरवर.

पेल्याचा आवाज मिलिसेकंदाच्या आत टोकाला जातो आणि त्याची ताकद बरीचशी २००० हर्ट्झच्या वर असते. नेमकं तिथेच वयस्कर कानासाठी वर्धन सगळ्यात जास्त दिलेलं असतं. यंत्राची नेहमीची दाब-यंत्रणा आवाज आटोक्यात आणायला पाचेक मिलिसेकंद घेते. तोवर ठोका कानात पोचलेला असतो. शिवाय आतल्या कानातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी गेलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच बोचतो. मधली जागा अरुंद असते. म्हणून आजी दचकतात आणि स्वयंपाकघरात मशीन काढून ठेवतात, आणि दिवसाचा मोठा भाग तिथेच जातो.

उपाय वेगळा ठोका-रोधक. आवाज १ मिलिसेकंद अडवून पुढचं पाहायचं. पातळी ८५ डीबीच्या वर असेल आणि चालू बोलण्याहून एकदम १५ डीबीने उसळली असेल, तरच टोक कापायचं. अल्गोरिदम आधी टिम्पन या श्रवणयंत्राच्या प्रयोगांसाठीच्या, आराखडा सर्वांना खुला असलेल्या बोर्डावर चालवला. उंबरठा खाली आणला की ‘ट’, ‘ठ’, ‘क’ यांचे स्फोटही कापले जातात आणि ‘ताट’ मऊ, गिळलेलं ऐकू येतं. इंग्रजी बोलण्यावर जुळवलेले आकडे मराठीला तसेच लावायचे नाहीत. आपल्याकडे मूर्धन्य स्फोट फार. ताट-वाटी-खाट ही यादी प्रत्येक बदलानंतर ऐकायची.

सगळा विलंब मिळून १० मिलिसेकंदाच्या आत राहिलाच पाहिजे. भोक मोठं असेल तर थेट आवाज आणि यंत्राचा आवाज एकत्र येतात. विलंब वाढला की पोकळ, पिंपातून आल्यासारखं ऐकू येतं.

२३ जून

पंखा. हे आपल्याकडचं कायमचं.

कानामागच्या यंत्राची माइकची तोंडं वर असतात आणि छताचा पंखाही वरच. वाऱ्याची फडफड थेट माइकवर. त्यात दोन माइकची दिशादर्शक (समोरचं बोलणं वेगळं काढणारी) व्यवस्था चालू असेल तर आणखी बिघडतं. दोन माइकच्या वजाबाकीत खालचे स्वर घटतात, ते भरून काढायला यंत्र खालचं वर्धन वाढवतं, आणि त्यासोबत वाऱ्याचा आवाज व माइकची स्वतःची सळसळही वाढते. एकेका माइकवर वाऱ्याची फडफड वेगवेगळी असते, ती वजाबाकीत जात नाही.

म्हणून घरात, शांत-मध्यम पातळीला, दिशादर्शक बंद. गोंगाट वाढला आणि समोरून बोलणं आहे असं दिसलं तरच आपोआप चालू. माइकची तोंडं ५ मिमीने मागे घेऊन वर पन्हाळीसारखी कड दिली.

दुसरा भाग दाब-यंत्रणेच्या वेगाचा. आवाज थांबल्यावर वर्धन पन्नास-शंभर मिलिसेकंदात परत चढलं, तर दोन शब्दांच्या मधल्या जागेत पंखा उसळतो. बोलणं थांबलं की घूं, सुरू झालं की गप्प. ज्येष्ठांना, विशेषतः स्मरण आणि लक्ष थोडं मंदावलेलं असेल तर, संथ यंत्रणा अधिक सोसवते. परत चढायला एक सेकंदाहून जास्त वेळ दिला. तोटा आहेच: मोठ्या आवाजानंतर लगेच कुणी हळू बोललं तर पहिला शब्द सुटतो. घरच्यांना सांगायचं: आधी हाक मारा, मग बोला.

४ जुलै

छोट्या गोष्टी एकत्र.

उजवा लाल, डावा निळा हा जगभरचा संकेत. पिकलेल्या मोतीबिंदूतून निळा काळपट दिसतो. रंग ठेवले, शिवाय उजव्या यंत्रावर बोटाला लागणारी एक उभी रेघ.

सेल संपत आल्याचा इशारा ५०० ते ७५० हर्ट्झमध्ये. वरच्या पट्टीत दिला तर ज्याच्यासाठी आहे त्यालाच ऐकू येत नाही. झिंक-एअरचा विद्युतदाब शेवटपर्यंत सपाट राहतो आणि एकदम कोसळतो, म्हणून इशारा लवकर.

प्रोग्रॅम बदलायचं बटण काढलं. फक्त आवाजाची वर-खाली पट्टी, दोन्हीकडे २ डीबीच्या तीन पायऱ्या. मोबाइल ॲप सक्तीचं नाही.

१९ जुलै

पहिली जुळवणी. कानाच्या नळीत पातळ प्रोब (मोजणीच्या माइकची ट्यूब) घालून पडद्याजवळचा आवाज मोजूनच. कानाच्या खाचेपासून प्रोबवर खूण बायकांसाठी २८ मिमी, पुरुषांसाठी ३० मिमी. लक्ष्य एनएएल-एनएल२चं, म्हणजे श्रवणदोषावरून कुठल्या स्वराला किती वर्धन द्यायचं ते सांगणाऱ्या सूत्राचं. ५५, ६५ आणि ८० डीबीला तीन मोजण्या. मोजणीच्या यंत्रातला प्रमाणित बोलण्याचा आवाज सहा भाषांच्या तुकड्यांतून बनवलेला आहे, त्यात एकही भारतीय भाषा नाही; तुलना सारखी राहावी म्हणून तो वापरायचा, पण नंतर एक मीटरवरून मराठीत वाचून जोड्या तपासायच्याच.

सॉफ्टवेअरची ‘पहिल्यांदा वापरणारे’ ही आपोआपची जुळवणी प्रोबने न तपासता सोडायची नाही. ती बहुधा वरच्या स्वरांना लक्ष्याच्या बरीच खाली ठेवते. पहिल्या दिवशी सुखद वाटतं, पण साठ-आठ सुटत नाहीत, आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून यंत्र डबीत. आमची सुरुवात २००० हर्ट्झच्या वर लक्ष्यापेक्षा ३-४ डीबी खाली, दर दोन आठवड्यांनी थोडं वर. कमाल आवाज मात्र पहिल्याच दिवशी बोचण्याच्या पातळीखाली पक्का. तो प्रत्येक स्वराला विचारून घ्यायचा, सरासरी लावायची नाही.

दुसरी भेट आठवड्याच्या आत. घालणं, काढणं, सेल, पुसणं हे चारही स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय यंत्र घरी द्यायचं नाही. किमतीबद्दल इथेच: मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. डिजिटल यंत्र, साचा आणि पाठच्या भेटी एवढ्यात बसत नाहीत. तरीही भेटींचा खर्च किमतीतून वगळून यंत्र स्वस्त दाखवायचं नाही, कारण भेटींशिवाय ते वापरलं जात नाही.

१ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. आरतीतच दोन अडचणी एकदम येतात.

घंटा आणि टाळ यांचा लांबणारा शुद्ध स्वर शिट्टी-रोधकाला शिट्टीसारखा वाटतो. तो उलट स्वर सोडून ती मारायला जातो आणि घंटा थांबल्यावर तोच स्वर किणकिणत राहतो. पेटीच्या सुराला थरथर येते. ‘मशीन भजन बिघडवतं’ ही तक्रार खरी आहे. वाट अशी काढली: शिट्टी यंत्र आणि कान यांच्यात पुन्हापुन्हा फिरून वाढते, घंटा वाजून घटते. स्वर घटत असेल तर रोधकाने आपला वेग दहापट मंद करायचा. आणि साचा मुळात नीट बसलेला असेल तर रोधकाला एवढं आक्रमक राहावंच लागत नाही.

दुसरी अडचण झांजा आणि फटाके. ठोका-रोधक टोक कापतो, पण सतत झांजांत तो एकसारखा चालू राहून सगळंच बोथट करतो. पाच सेकंदांहून जास्त काळ सतत चालला तर वरच्या स्वरांचं एकूण वर्धन ६ डीबीने खाली आणायचं आणि रोधक सैल करायचा. मिरवणुकीत मशीन काढून ठेवलेलं बरं, हे स्पष्ट सांगायचं. तिथला आवाज कुणाच्याच कानाला चांगला नाही.

१५ सप्टेंबर

परत आलेली यंत्रं उघडली. तक्रार: ‘सकाळी बंद, दुपारी आपोआप चालू.’ सेल ठीक, पत्त्या स्वच्छ, रिसीव्हर चालू.

भिंगाखाली माइकची जाळी पाहिली. पांढरट थर, सुईने खरवडला तर मेणासारखा निघतो, बोटाच्या उबेने वितळतो: खोबरेल. केसांना लावलेलं तेल कानामागे ओघळतं, जाळीत मुरतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. रात्री एसीत यंत्र टेबलावर, सकाळी जाळी बंद, दुपारी पुन्हा उघडी. जाळी पाणी अडवते, ते गोळा होऊन ओघळतं. तेलाचा पृष्ठताण कमी, ते जाळीत पसरतं. अर्धवट बुजलेल्या जाळीने आधी वरचे स्वर जातात, आणि दोन माइकपैकी एकच बुजला तर दिशादर्शक व्यवस्था उलटीसुलटी होते.

पुढच्या बॅचला तेलही अडवणारा थर असलेली जाळी, आणि जाळी बाहेरून बदलता येईल अशी चौकट. माइकची तोंडं केसांच्या बाजूपासून २ मिमी बाहेरच्या अंगाला सरकवायची. चाचणीत मिठाच्या पाण्यासोबत खोबरेल, टाल्कम पावडर आणि दोन्ही मिळून होणारा लगदा, तिन्ही घ्यायचे. लगदा एकट्या तेलापेक्षा वाईट बुजवतो. तोवर वापरणाऱ्यांना: तेल रात्री लावा, सकाळी कानामागे कोरड्या कापडाने पुसून मग यंत्र घाला.

डबीच्या झाकणावर ट्यूब बदलल्याची तारीख लिहायला ३० × १० मिमीची सपाट, खरखरीत जागा ठेवायला साचेवाल्याला सांगितलं. गुळगुळीत प्लास्टिकवर पेनाची शाई घामाच्या हाताने पुसली जाते.